डबलसीटच्या केसबद्दल सिंधूताईंना

रेशीमबाग, नागपूर
मंगळवार, ता. २ फेब्रुवारी १९७१

ती. सौ. सिंधूताई यांना मधुकरचा नमस्कार. रुपरावांनाही माझा नमस्कार सांगावा.

इकडे माझं ठीक आहे. तुमचे गुडघे या थंडीत कसे राहिले, रुपरावांचा खोकला गेला का आणि मृगाची संत्री उतरायला लागली का, ते कळवावं. (खोकल्यासाठी त्यांनी विडी सोडल्याचं ऐकलं. तुमच्याकडचे एक व्यापारी आमच्या पेढीवर कापड घ्यायला येतात, ते म्हणाले की रुपरावांनी विडी पूर्ण सोडली, आता फक्त बागेत ओढतात. पण ते तर दिवसभर बागेतच असतात, असं मी म्हणालो नाही.) मुलगा भिलाईला नीट आहे. पंधरा दिवसांनी एक पत्र टाकतो आणि त्यात जेवत जा असं लिहितो. मी जेवतो.

जूनपासून मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही आणि तुमचंही आलं नाही. तुमच्याकडून काटोलहून निघालो तेव्हा मी तुम्हाला येतो असंही म्हटलं नव्हतं, हे मला नंतर बसमध्ये आठवलं. आज लिहितो आहे तेही एका कामासाठीच, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत वाट पाहायला नको. माझ्यावर पोलीस केस झाली आहे. येत्या शुक्रवारचा पुढचा शुक्रवार, म्हणजे ता. १२ला कोर्टात हजर व्हायचं आहे.

घाबरू नका. सायकलची आहे. रुपरावांना सांगताना 'सायकलची' हा शब्द आधी सांगावा.

आता प्रकार सांगतो. तुमच्या काटोलात एका सायकलवर तीन माणसं आणि एक बकरी गेली तरी कोणी वळून पाहत नाही. नागपुरात मागे एक माणूस बसवला तरी तो गुन्हा होतो. पण मागे माणूस बसवल्याशिवाय इथे कोणाचं चालतही नाही. तेव्हा लोकांनी एक पद्धत काढली आहे. चौक आला की पोलीस दिसायच्या आत मागच्याने उतरायचं, पायी चौक ओलांडायचा, आणि पुढच्याने रिकामी सायकल घेऊन पोलिसाच्या समोरून जायचं. पलीकडे गेल्यावर थांबायचं. मागचा चालत आला की पुन्हा बसायचं. पोलिसालाही हे ठाऊक असतं, पण चौकात पाहावं तर सायकलवर एकच माणूस. तुमची बहीण आणि मी एकोणीस वर्षं हेच केलं. सकाळी साडेनऊला घरून निघायचं, पिठाच्या चक्कीजवळ तिने उतरायचं, चौक ओलांडून टपालाच्या पेटीजवळ मी एक पाय टेकून थांबायचं, ती आली की बसायची. मग तिला महालात शिवणाच्या वर्गाशी सोडून मी गांधीबागेत पेढीवर.

चौक ओलांडताना ती माझ्याकडे बघत नसे. पिशवी खांद्याला, मान ताठ, जणू काही ही बाई कोण आणि हा सायकलवाला कोण. पहिल्या पहिल्यांदा मला ते फार लागे. पुढे मला कळलं की तिला त्यात गंमत वाटते. (एकदा मी मुद्दाम घंटी वाजवली, तर तिने पोलिसाकडे पाहून नाक मुरडलं, आणि त्या पोलिसाने मलाच दटावलं.) आणखी एक सांगतो, जे तिने तुम्हाला सांगितलं नसावं. एकदा पेटीजवळ ती बसली असं समजून मी निघालो. मी फार बोलणारा माणूस नाही, तुम्ही बघताच. घरी समोरासमोर बसलं की मला काही सुचत नाही. सायकलवर मात्र तोंड पुढे असतं, त्यामुळे मी बोलत असे. त्या दिवशी मी पेढीतल्या एका भांडणाची सगळी हकीगत सांगत महालापर्यंत गेलो, मधेमधे हिचं काय म्हणणं आहे तेही विचारलं, आणि उत्तर येत नाही म्हणून हिला आपलं पटलं असं समजून पुढे चालू ठेवलं. वर्गाशी पाहतो तर मागे कोणी नाही, आणि ही समोर रिक्षातून उतरते आहे. तिने रिक्षाचं भाडं मला द्यायला लावलं आणि संध्याकाळी ती सगळी हकीगत पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावली, तीही घरी, समोरासमोर बसून.

मला मुद्द्यावर आलं पाहिजे. जूननंतर मी एकटाच जातो. पण हात-पाय त्यांच्या सवयीने चालतात. चक्की आली की सायकल आपोआप हळू होते. चौक ओलांडला की पेटीजवळ पाय टेकतो. मिनिटभर थांबतो आणि मग पुढे निघतो. मी ते मुद्दाम करत नाही, आणि मोडायचा प्रयत्नही फार केला नाही. कोणाला त्याचा त्रास नव्हता. पेटीला तर मुळीच नव्हता.

त्या चौकात धोंडबा नावाचे शिपाई होते. सहा वर्षं त्यांनी आम्हाला रोज पाहिलं आणि सहा वर्षं आम्ही त्यांना एकदाही सापडलो नाही. मधे दीड वर्ष त्यांची बदली कामठीला झाली होती. जानेवारीत ते परत आले, आणि आले ते नेमके वाहतूक सप्ताहात. वरून हुकूम असा की दर शिपायाने रोज अमुक केसेस दाखवायच्या. ता. २१ला, गुरुवारी, मी नेहमीप्रमाणे चौक ओलांडून पेटीजवळ पाय टेकला, तर धोंडबा आपली जागा सोडून चालत माझ्याकडे आले. चेहरा असा की सासुरवाडीचा माणूस भेटावा. मला म्हणाले, "काहून थांबले जी? बाई कुठी हायेत?"

मी म्हटलं, "येऊन राहिली."

सिंधूताई, मी खोटं बोलायला म्हणून बोललो नाही. त्या पेटीजवळ उभं राहून एकोणीस वर्षं मी हेच उत्तर दिलं आहे. पोस्टमन विचारे, सायकल दुरुस्तीवाला विचारे, ओळखीचं जाणारं-येणारं विचारे, आणि मी येऊन राहिली म्हणत असे. उत्तर तोंडात तयार होतं. माझ्या डोक्याला कळायच्या आत ते निघालं.

धोंडबा म्हणाले, मग येऊ द्या, आता दोघांसमोरच लिहितो. आणि आम्ही दोघं वाट पाहत उभे राहिलो.

तिथेच मी सांगायला हवं होतं, हे मला कळतं. पण पहिल्या मिनिटाला सांगायचं राहिलं, आणि दुसऱ्या मिनिटाला सांगणं अवघड झालं. ते इतक्या विश्वासाने उभे होते. त्यांनी मला तंबाखू विचारली. म्हणाले, त्यांच्या घरची बाजारात निघाली की रस्त्यात पाच जणी भेटतात आणि पाचही जणींची पोरंबाळं विचारून झाल्याशिवाय पुढे सरत नाही, तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी म्हटलं, नाही घेत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हिरव्या लुगड्यातल्या एक बाई चौक ओलांडून येऊ लागल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग एक शाळेच्या बाई आल्या, त्याही नव्हत्या. खरं सांगायचं तर मीही बघत होतो. कोणीतरी आपल्यासोबत वाट पाहत असलं की माणूस अगदी मनापासून वाट पाहतो.

पंधरा मिनिटांनी धोंडबा हसले. म्हणाले, "मले पाहून गल्लीतून पसार झाल्या वाट्टे. लय हुशार हायेत बाई." त्यांच्या बोलण्यात कौतुक होतं. मग त्यांनी वही काढली. (सहा वर्षांची बाकी वसूल झाल्यासारखं त्यांनी पेन्सिलीला टोक केलं.) माझं नाव, पेढीचं नाव, सायकलच्या बिल्ल्याचा नंबर. मग मागे बसणाऱ्या बाईचं नाव विचारलं. तुम्हाला माहीत आहे, बावीस वर्षांत मी तिला चारचौघांत नावाने हाक मारली नाही. मी नाव सांगितलं. वय विचारलं. मी एक्केचाळीस सांगितलं. आता बेचाळीस झालं असतं, पण मी वाढवलं नाही. मग म्हणाले सही करा, आणि मी केली. चालानावर स्पष्ट लिहिलं आहे की मी माझी पत्नी प्रेमिला हिला कॅरियरवर बसवून भर रहदारीत सायकल चालवताना आढळलो आणि गुन्हा मी स्वतः कबूल केला.

ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नसती. पण चालान टेबलावर राहिलं आणि शेजारचे वामनराव वर्तमानपत्र मागायला आले. वामनराव म्हणजे कोर्टातले निवृत्त नाझर. तीस वर्षं दुसऱ्यांचे खटले पाहिले, आणि निवृत्त झाल्यापासून खटल्यावाचून त्यांना करमत नाही. त्यांनी चालान दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि त्यांच्या तोंडावर जे तेज आलं ते मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं. अशी पक्की केस मी जन्मात पाहिली नाही, म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो, आणि त्यांनी चालान उलटं करून ठेवलं. पण फार वेळ नाही. तुम्ही काहून घाबरून राहिले, म्हणाले, ज्या बाईला बसवलं म्हणतात ती बाईच नाही, तर गुन्हा कुठला? फक्त मृत्यूचा दाखला दाखवायचा आणि एक वाक्य बोलायचं.

आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते माझी तालीम घेतात. स्वतः मॅजिस्ट्रेट होऊन माझ्या आरामखुर्चीत बसतात आणि मला माझ्याच घरात दाराजवळ उभं करतात. कैफियतही त्यांनीच लिहून आणली आहे. त्यात असं आहे, 'आरोपीची पत्नी नामे प्रेमिला ही दि. १४ जून १९७० रोजी मौजे काटोल येथे मयत झालेली असून घटनेच्या दिवशी सायकलच्या कॅरियरवर बसण्यास सर्वथा असमर्थ होती.' मी म्हटलं, बाकी ठीक आहे, तेवढं 'असमर्थ' काढा. ते म्हणाले, कायद्याची भाषा अशीच असते. मी म्हटलं, तिला असमर्थ म्हटलेलं चालणार नाही. म्हणाले, कोणाला चालणार नाही? मग त्यांनी शब्द खोडला. (आता तिथे 'हजर नव्हती' आहे. तेही मला फारसं आवडलं नाही. शाळेच्या हजेरीसारखं वाटतं.)

पेढीवर शेठ म्हणतात, कोर्टात जाऊन कबूल म्हणा, पाच रुपये दंड भरा आणि बारापर्यंत परत या, माल उतरायचा आहे. त्यांचंही बरोबर आहे. कबूल म्हणण्यात काही अडचण नाही, सगळा गाव कबूल म्हणतो. अडचण एवढीच की ते खोटं आहे, आणि मी आजवर कोर्टात खोटं काय, खरंही बोललेलो नाही.

आणि खरं बोलायचं तर वामनरावांचं ते एक वाक्य म्हणावं लागतं. ते मला येत नाही. तालमीत वामनराव विचारतात, तुमची पत्नी कुठे आहे, आणि मी दाराजवळ उभा राहून त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. आठ महिन्यांत मला ते कोणाला सांगावंच लागलं नाही. इथे सगळ्यांना आपोआप कळलं. रेशनवाल्याला शेजाऱ्यांनी सांगितलं, त्याने कार्डावर तिच्या नावावर लाल रेघ मारली. शिवणाच्या वर्गाच्या बायका आल्या, त्यांनी आपल्या रजिस्टरातून नाव कमी केलं आणि तिची कात्री मला आणून दिली. गेल्या महिन्यात निवडणुकीच्या यादीवाले आले, मी आतून पाणी आणेपर्यंत त्यांनीही खोडून टाकलं होतं. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं. जूनपासून जो कागद घरात आला तो तिला कमी करूनच आला. हे चालान तेवढं पहिलं, ज्यात ती आहे आणि माझ्या मागे बसलेली आहे. ते खोटं आहे असं मीच उभा राहून सिद्ध करायचं, हे मला जमत नाही. म्हणून दहा दिवस झाले, माझं एक ठरत नाही. सकाळी शेठजींचं पटतं आणि संध्याकाळी वामनरावांचं.

शेवटी काल रात्रीपासून विचार करून असं ठरवलं की लढायचं. तिला खोट्या केसचा कंटाळा होता. (एका बाईने ब्लाउज बिघडवल्याचा आळ घेतला तेव्हा ती माप घेऊन त्या बाईच्या घरी गेली होती आणि चहा पिऊन, भांडून, पुन्हा चहा पिऊन आली होती.) तेव्हा काम असं आहे. दाखला काटोलच्या नगरपालिकेतून काढावा लागेल, कारण नोंद तिथे झाली. रुपरावांना सवड असेल तर त्यांनी काढून बसच्या कोणा ओळखीच्या माणसाबरोबर ता. ११च्या आत पाठवावा. तुम्हाला पुन्हा त्या कागदाचा त्रास देतो आहे, त्याबद्दल राग मानू नये.

तुमचा,
मधुकर

ता. क. शुक्रवार, ता. १२. वरचं पत्र तुम्हाला मिळालं नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते दहा दिवस माझ्या खिशात होतं. रोज सकाळी मी टपालाच्या पेटीला लागून मिनिटभर उभा राहतो आणि तरी ते टाकलं गेलं नाही, यावर वामनरावांचा विश्वास बसत नाही. दाखल्याचं मी त्यांना आज सकाळी सांगितलं. ते ओट्यावरच खाली बसले.

तेव्हा दाखला नाही म्हणून मी मनाशी ठरवून गेलो की कबूल म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. कोर्टात आमच्यासारखे साठ-सत्तर सायकलवाले होते. दिवा नाही, बिल्ला नाही, डबलसीट. नाव पुकारलं जाई, माणूस उभा राही, कबूल म्हणे, पाच रुपये, पुढचा. एका दूधवाल्याने तर दुसऱ्याच्याच नावाला कबूल म्हणून टाकलं आणि त्याला पुन्हा आपल्या नावासाठी थांबावं लागलं. माझं नाव आलं. साहेबांनी चालान वाचलं, अगदी तिच्या नावासकट मोठ्याने वाचलं, आणि मान वर न करता विचारलं, गुन्हा कबूल आहे? मी म्हटलं, कबूल.

तेवढ्यात मागून धोंडबा उभे राहिले. वामनरावांनी त्यांना व्हरांड्यात गाठून सगळं सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यांची टोपी हातात होती. म्हणाले, "साहेब, ह्यायचं ऐकू नका. मागे कोणी नोयतं. माह्यी चूक झाली." साहेबांनी मान वर केली. मला विचारलं, बाई होती की नव्हती? मी म्हटलं, होती. धोंडबा म्हणाले, नोयती. साहेब म्हणाले, आरोपी म्हणतो गुन्हा केला आणि पोलीस म्हणतो केला नाही, हे मी आजवर पाहिलं नाही. मग त्यांनी चालान बाजूला ठेवलं आणि मला नीट विचारलं, आवाज न चढवता, की खरं काय आहे ते सांगा.

सिंधूताई, समोर कॅलेंडर नव्हतं. मी म्हटलं, "त्या दिवशी नव्हती साहेब. ती जूनमध्ये वारली. त्याच्या आधी एकोणीस वर्षं रोज होती. दंड त्याचा घ्या."

म्हटल्यावर मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. पंखा फिरत होता. दूधवाला माझ्याकडे बघत होता. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि धोंडबांना विचारलं की तुम्ही यांच्या पत्नीला मागे बसलेलं कधी पाहिलं का? धोंडबा म्हणाले, नाही साहेब, माझ्या चौकात सहा वर्षं त्या पायीच गेल्या, एक दिवस चुकल्या नाहीत. मग साहेब मला म्हणाले की साक्षीदार म्हणतो त्या कायद्याप्रमाणे वागल्या, आणि जो गुन्हा कोणी पाहिला नाही त्याचा दंड मी घेऊ शकत नाही. केस काढून टाकली. मी विचारलं, हे चालान मला मिळेल का? साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून म्हणाला, अहो, तुमची प्रत तुमच्याकडेच असते, ती कोण मागतो? दहा दिवस मी त्या कागदाची काळजी करत होतो आणि तो तुमच्या पत्राला चिकटून माझ्याच खिशात होता.

बाहेर धोंडबा भेटले. त्यांनी तंबाखू पुढे केली. मी खात नाही, पण घेतली. बारा वाजेपर्यंत मला मळमळत होतं, त्यामुळे शेठजींचा माल दुसऱ्यांनी उतरवला.

ता. क. २. वामनराव माझ्यावर नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, खटला जिंकला पण त्यांच्या कैफियतीतला एक शब्दही वापरला गेला नाही. त्यांना खूश करण्यासाठी मी संध्याकाळी ती कैफियत त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. 'मयत' शब्दापाशी ते अडखळले आणि त्यांनी चष्मा पुसायला काढला. उरलेलं मी वाचलं.

ता. क. ३. दाखल्यासाठी रुपरावांना नगरपालिकेत धाडू नये. ते काम संपलं, आणि खरं सांगायचं तर मला तुम्हाला लिहायचं होतं ते दाखल्याचं नव्हतं.

व्यापारी गृहस्थांनी मला विडीचं सांगितलं तेव्हा आणखी एक सांगितलं. म्हणाले, सिंधूताई म्हणतात की मीच तिला कावीळ उतरेपर्यंत राहा म्हणून बोलावून घेतलं, माझ्या घरात गेली, म्हणून मधुकरराव माझ्याशी बोलत नाहीत. तसं नाही. मुळीच नाही. तुमच्या दारात मी आलो तेव्हा सगळं झालेलं होतं, तुम्ही समोर होता, आणि तुमच्याशी काहीही बोललो असतो तरी ते एक वाक्य बोलावं लागलं असतं. ते मला येत नव्हतं. आज एकदा कोर्टात म्हटलं. दुसऱ्यांदा तुमच्यासमोर म्हणेन.

ती तुमच्याकडे दहा दिवस होती. त्या दहा दिवसांतलं मला काही ठाऊक नाही. सकाळी किती वाजता उठे, कुठे बसे, काय म्हणे, माझ्यावर चिडली होती का, ते मी कोणाला विचारलं नाही, आणि तुमच्याशिवाय सांगणारं कोणी नाही. रविवारी सकाळच्या बसने येतो. तुम्ही सांगा, पहिल्या दिवसापासून सांगा. मी ऐकतो, मधे बोलणार नाही. जेवणाचा घाट घालू नये. तरी तुम्ही घालालच, तर तिला पथ्याचं म्हणून जे करून घालत होता, तेच करा.